अक्षरं जवळ आणणारा कॅमेरा

आमच्या निकाहाला छत्तीस वर्षं झाली तेव्हा आमच्या घरात पहिला कॅमेरा आला. तोवर कधी गरज पडली नव्हती. लग्नकार्यात फोटोग्राफर असायचा, पुढं मुलांच्या हातात मोबाईल आले, आमचं भागत गेलं. मग 2019 साली, दोघंही निवृत्त झाल्यावर, खिशात मावणाऱ्या एका लहानशा कॅमेऱ्यावरून आम्ही चार महिने असा काही वाद घातला की मुलगी म्हणाली, "अम्मी, अब्बू, माझं स्थळ बघताना तरी एवढा विचार केला होता का?"

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. मियाँनी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली, बीवीनं उर्दू शाळेत. राहायला सोलापुरात. जिथं दोघांचं एकमत आहे तिथं 'आम्ही' लिहिलंय. जिथं नाही तिथं 'मियाँ' आणि 'बीवी' असं वेगळं लिहिलंय. वाचकांनी आपापल्या घरचा अंदाज घेऊन बाजू ठरवावी.

गोष्टीची सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही, डोळ्यांपासून होते. त्या वर्षी उन्हाळ्यात बीवीचा चष्म्याचा नंबर तपासायला गेलो. नंबर फारसा बदलला नव्हता, पण डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, मग एका यंत्रासमोर बसवून ठिपके दिसले की बटण दाबायची तपासणी केली. निकाल काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मोतीबिंदू काढता येतो आणि नजर परत येते. काचबिंदूचं तसं नाही. यात नजर कडेकडेनं जाते, माणसाला पत्ता लागत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळेवर घातले तर आहे ती बहुधा टिकवता येते. "घरात आणखी कुणाला होता का?" त्यांनी विचारलं.

बीवीला उत्तर द्यायला वेळ लागला. तिचे अब्बा मरहूम कातिब होते. उर्दू छापखान्यांसाठी पिवळ्या कागदावर बोरूच्या कलमानं पानंच्या पानं लिहायचे. उर्दूत खिळे जुळवण्यापेक्षा हातानं लिहिलेलंच छापायची रीत होती, ती नव्वदीत संगणक येईपर्यंत चालली. शेवटच्या वर्षांत अब्बांची अक्षरं मोठी मोठी होत गेली होती. चालताना चौकटीला खांदा लागायचा, पेल्याला हात लागून पाणी सांडायचं. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. कुणी डोळ्यांचा दाब मोजून घेतला नाही. त्यांना काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. पण त्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिक्षात बीवी एवढंच म्हणाली, "अब्बांना दिसत नव्हतं आणि आम्ही त्यांना सांभाळून चाला म्हणायचो."

काही दिवसांनी तिनं विजापूरला जायचं काढलं.

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर. आता नाव विजयपूर झालंय, पण आमच्या तोंडी विजापूरच. लहानपणी अब्बांनी तिला तिथं नेलं होतं. गोल घुमट बघून झाल्यावर बाकीची मंडळी सावलीत बसली, आणि अब्बा तिला घेऊन गावाच्या पश्चिमेला इब्राहीम रोजा बघायला गेले. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची ही कबर. 1627 साली तो वारला. बांधकामाचं श्रेय मलिक संदल या कारागिराला देतात. उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक मकबरा, एक मस्जिद, मध्ये हौद. मकबऱ्याच्या आतल्या दालनाच्या भिंती बाहेरून दगडात कोरलेल्या अरबी अक्षरांनी भरून गेल्या आहेत. खिडक्यांना गज नाहीत. दगडाची जाळीच अक्षरांची आहे. अक्षर दगडाचं आणि अक्षरांमधली जागा उजेडाची. अब्बांनी तिला खांद्यावर घेतलं आणि बोट ठेवत ठेवत दाखवलं, हा अलिफ बघ, किती नुकत्यांचा आहे ते मोज. कातिब अक्षराची उंची कलमेच्या टोकानं काढलेल्या नुकत्यात मोजतात. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. पुढं वाचता यायला लागलं, तर जाणं झालं नाही. मुलं, शाळा, सासूबाईंचं आजारपण, मग गुडघे. चाळीस-पन्नास वर्षं शंभर किलोमीटरवरची जागा राहून गेली.

"जाऊ या ना," मियाँ म्हणाले. "उद्या एसटीत बसू."

"जाऊन उंचावरची ओळ मला दिसेल का?" बीवी म्हणाली. "कमी उजेडात मला आता करड्यावरचं करडं वेगळं दिसत नाही. मला ती भिंत घरी आणायची आहे. मोठी करून, उजेडात, बसून वाचायची आहे."

काचबिंदूत हेही होतं, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. फळ्यावरचं पांढरं अक्षर ठळक दिसतं, पण दगडावर कोरलेलं, दगडाच्याच रंगाचं अक्षर हरवतं. तेच अक्षर पडद्यावर घेऊन काळं-पांढरं ठळक केलं की वाचता येतं. म्हणून कॅमेरा.

मियाँचं म्हणणं, मोबाईल आहेच की. मग आम्ही घरीच परीक्षा घेतली, आणि आज कुणी आम्हाला कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर पहिली हीच सांगतो. आमच्या बोळकंडीत एक कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर नमाजच्या वेळा बारीक अक्षरात छापलेल्या. मगरिबच्या सुमारास, दिवा न लावता, दहा फुटांवरून मोबाईलनं झूम करून फोटो काढला. छोट्या पडद्यावर छान दिसला. मोठा केला तर आकड्यांच्या जागी ओल्या कागदावर शाई पसरावी तसे डाग. कारण सोपं आहे. आमच्या त्या मोबाईलमध्ये दूरचं जवळ आणणारी वेगळी लेन्स नव्हती. तो चित्राचा मधला तुकडा कापून ताणत होता. भाकरीचा तुकडा ताणला म्हणून भाकरी वाढत नाही.

पुढची चूक मियाँची, आणि ती त्यांच्या परवानगीनं लिहितोय. पुण्याला भाचीच्या घरी गेले असताना त्यांनी एका दुकानातून कॅमेरा आणला. चाळीस पट झूम! दुकानदारानं समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं कापड दाखवलं, त्याचे टाके मोजता येत होते. मियाँ खूश. भिशीचे पैसे आले होते ते देऊन टाकले. घरी आल्यावर मगरिबला बोळकंडीत तो कॅमेरा उभा केला. झूम खरा होता, लेन्सचा होता, आकडे जवळ आले. पण सगळे रवाळ. रव्याच्या लाडवासारखे, हात लावला तर फुटतील असे. दुकानात दुपारी बाराच्या उन्हात बघितलेली वस्तू आम्ही संध्याकाळच्या कामासाठी घेतली होती. कॅमेऱ्यात दोष नव्हता. आमचा प्रश्न काय आहे ते आम्हीच दुकानदाराला सांगितलं नव्हतं. परत द्यायला गेलो तर वापरलेला माल म्हणून सात हजार कमी मिळाले. बीवी काही बोलली नाही. मियाँ म्हणतात, बोलली असती तर बरं झालं असतं.

शहाणपण भाचीनं शिकवलं. ती आर्किटेक्चर शिकते. तिनं वहीच्या पानावर पट्टीनं दोन चौकोन काढले. एक साधारण सहा मिलिमीटर लांब, साडेचार रुंद. दुसरा तेरा लांब, नऊ रुंद. "मामू, जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असायची ना, आता तिच्या जागी हा सेन्सर असतो. तुम्ही आणलात त्यात हा छोटा होता. मामींना हा मोठा हवा. याला एक इंची म्हणतात, प्रत्यक्षात एक इंच नसतो, नाव तेवढं आहे. पण क्षेत्रफळ छोट्याच्या चौपट आहे."

"चौपटीनं काय होतं?"

"पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल? उजेडाचंही तसंच आहे. भर उन्हात वाटीही भरते, म्हणून दुकानात फरक कळला नाही. संध्याकाळी रिमझिम असते, तेव्हा परात लागते."

पाणीपुरवठ्यात जन्म काढलेल्या माणसाला हे एका झटक्यात समजलं. मेगापिक्सेलचं काय, असंही त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, ती परातीतल्या खणांची संख्या झाली. परात तेवढीच ठेवून खण वाढवले तर पाणी वाढत नाही. दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांत वीसच्या आसपास मेगापिक्सेल होते, तरी चित्रात जमीन-अस्मानाचा फरक होता, तो का, हे तेव्हा उमगलं.

मग आम्ही आमच्या गरजांची यादी केली. यादी बीवीनं शाळेच्या पद्धतीनं लिहिली, महत्त्वाच्या क्रमानं. एक, कमी उजेडात अक्षर फुटू नये. दोन, उंचावरची ओळ जवळ यावी, पण चाळीस पट कशाला, आपण चालत पुढं जाऊ शकतो. आठ-दहा पट पुरे. तीन, हात थरथरला तरी चित्र हलू नये, म्हणजे लेन्समध्ये हलणं सावरायची सोय हवी. चार, डोळा लावून बघायची लहान खिडकी हवी, कारण उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि कॅमेरा कपाळाला टेकला की हातही स्थिर राहतो. पाच, बुरख्याच्या खिशात मावला पाहिजे. गळ्यात मोठा कॅमेरा लटकवून मस्जिदीत शिरायचं बीवीला नको होतं, आणि ऐतिहासिक इमारतीत तिपाई न्यायची तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. सहा, किंमत. भिशीतले जे उरले होते त्यात.

यादी हातात आली आणि निवड आपोआप अरुंद झाली. सोनीचा आरएक्स 100 हा 2012 साली आलेला पहिला नमुना, एक इंची सेन्सरचा, वजन जेमतेम 240 ग्रॅम. मियाँ त्याच्यावर लट्टू झाले. पण त्याचा झूम साडेतीन पटीच्या थोडा वर आणि डोळा लावायची खिडकी नाही. भाचीला स्वतःला रिकोचा जीआर आवडतो. त्याचा सेन्सर आणखी मोठा, चित्र फार सुरेख, पण त्याला झूमच नाही, आणि 2013 च्या नमुन्यात हलणं सावरायची सोयही नाही. आर्किटेक्चरच्या तरुण विद्यार्थिनीला तो चालेल. उंच ओळ वाचू पाहणाऱ्या साठीच्या बाईला नाही. तिसरा पॅनासॉनिकचा टीझेड 100, 2016 सालचा. एक इंची सेन्सर, दहा पट झूम, हलणं सावरायची सोय, डोळा लावायला लहानशी खिडकी, वजन 312 ग्रॅम. तो मोबाईलच्या साध्या चार्जरच्या वायरनं चार्ज होतो, हे मियाँना फार पटलं. नवा परवडत नव्हता. आमचा पुतण्या कुवेतला असतो. त्याच्या कामावरच्या एकानं हाच कॅमेरा दोन वर्षं वापरून विकायला काढला होता. ऑक्टोबरात पुतण्या सुटीवर येताना घेऊन आला. आमच्या पैशात बसला, वर एक जादा बॅटरीही मिळाली.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचं ते लिहून ठेवतो, कुणाच्या कामी येईल. लेन्स पूर्ण बाहेर काढून परत आत जाऊ द्यावी, अडकते का, खरखर आवाज येतो का ते ऐकावं. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करावा, प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग दिसला तर आत धूळ गेली आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, झाकण नीट लागतं ना ते बघावं. आणि पहिलं मेमरी कार्ड आपलं नवं घालावं. दुसऱ्याच्या कार्डावर दुसऱ्याच्या घरची माणसं असतात.

त्या दिवशी मगरिबला आम्ही पुन्हा बोळकंडीत उभे राहिलो. दहा फूट, दिवा नाही. बीवीनं फोटो काढला, मुलाच्या लॅपटॉपवर मोठा केला आणि फजरपासून इशापर्यंत पाचही वेळा मोठ्यानं वाचून दाखवल्या. मियाँनी तेव्हाच सात हजारांचा विषय कायमचा बंद झाल्याचं जाहीर केलं.

एक प्रश्न मात्र कॅमेऱ्यापेक्षा जुना होता. बीवीच्या अब्बांना फोटो आवडत नसत. त्यांच्या घरात भिंतीवर माणसाचं चित्र कधी लागलं नाही. त्यांचा एकुलता एक फोटो हजच्या पासपोर्टवरचा. अशा माणसाच्या मुलीनं साठीत कॅमेरा घ्यावा का? या बाबतीत उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, आणि ती सोडवण्याएवढं आमचं शिक्षण नाही. आम्ही आमच्या घरापुरते नियम ठरवले. मस्जिदीत नमाज चालू असताना कॅमेरा खिशाबाहेर काढायचा नाही. कबरीपाशी आधी फातेहा, मग फोटो. अनोळखी माणसाचा, विशेषतः बाईचा, विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि काढलेलं माणसाचं चित्र भिंतीवर लागणार नाही, कपाटात राहील. "आणि अक्षरांचा फोटो काढलेला अब्बांना आवडला असता?" मियाँनी विचारलं. बीवी म्हणाली, "त्यांनी आधी विचारलं असतं, अलिफ सरळ आला का?"

डिसेंबरात निघालो. त्याआधी बीवीनं मांजरपाटाची वीतभर पिशवी शिवून तिच्यात मसूर डाळ भरली. ही भाचीची युक्ती. तिपाई न्यायची नाही, तर डाळीची पिशवी चौथऱ्यावर, पायरीवर ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. दगडाला ओरखडा नाही, कॅमेरा हलत नाही. दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं बटण लावून हात बाजूला घ्यायचा, म्हणजे बोटाचा धक्काही बसत नाही.

पहिला दिवस गोल घुमटाचा. मुहम्मद आदिलशहाची कबर, 1656 ची. इतका मोठा घुमट की चित्रात बसवायला दरवाज्याच्या दिशेनं मागं मागं जावं लागलं. वरच्या गॅलरीत कुजबुज पलीकडं ऐकू येते, पण तिथं जायला कोपऱ्यातल्या मिनारातल्या अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात. कडेची नजर कमी झालेल्या माणसानं अंधाऱ्या अरुंद पायऱ्यांवर हिंमत दाखवू नये. बीवी खाली बसली. मियाँ एकटे वर जाऊन आले आणि सांगतात की त्यांनी वरून तिला हाक मारली. ती म्हणते, ऐकू आली नाही. त्यांच्या फोटोत मात्र ती खाली ठिपक्याएवढी दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर इब्राहीम रोजा. फारसं कुणी नव्हतं. चपला काढून चौथरा चढलो, फातेहा पढली. मग बीवी भिंतीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मियाँ कॅमेरा घेऊन तयार. शेवटी ती म्हणाली, "मला इथं काहीतरी कोरलंय एवढंच दिसतंय. काय ते दिसत नाही."

आमच्या चार महिन्यांच्या वादाचं उत्तर त्या क्षणात होतं, पण आनंद वाटण्यासारखा तो क्षण नव्हता.

आम्ही काम वाटून घेतलं. बीवीनं अब्बांनी दाखवलेल्या जागा आठवून आठवून सांगायच्या, मियाँनी फोटो काढायचे. भिंतीला आम्ही वहीच्या पानासारखं वाचत गेलो, उजवीकडून डावीकडं, वरची ओळ, खालची ओळ, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा थोडा भाग येईल असं. म्हणजे नंतर जोडताना दुवा सापडतो. झूम पूर्ण ताणला की लेन्समधून उजेड कमी येतो, म्हणून शक्य तिथं दोन पावलं पुढं गेलो आणि झूम तीन-चार पटीवर ठेवला. फ्लॅश बंद. समोरून झोत पडला की कोरीव अक्षराची सावलीच जाते आणि भिंत सपाट दिसते. अक्षर उठून दिसतं ते बाजूनं येणाऱ्या उजेडात. सकाळचा उजेड कमानीतून तिरका येत होता तोवर घाई केली.

खिडक्यांच्या जाळ्या आतून घेतल्या. आतलं दालन काळोखं आहे. तिथं उभं राहिलं की उजेड येतो तो अक्षरांच्या मधल्या फटींतून. बीवीनं शाळेत इब्नुल हैसमवर मुलांना सांगितलेलं तिथं आठवलं. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत काम केलेला हा विद्वान अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताबुल मनाझिर' लिहीत होता. अंधाऱ्या जागेत लहान छिद्रातून उजेड शिरला की काय होतं याचा त्यानं प्रयोगानं अभ्यास केला. कॅमेरा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही खोली असाच आहे. आपण रोज बोलतो तो 'कमरा' पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडं आला, तो याच शब्दाचा भाऊ. म्हणजे त्या दिवशी आम्ही एका कमऱ्यात दुसरा कमरा घेऊन उभे होतो. मियाँना ही गोष्ट इतकी आवडली की परतीच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सांगितली.

दोनशे चौदा फोटो झाले. एक बॅटरी संपली, दुसरी अर्धी. डाळ घरी आल्यावर शिजवली.

खरं वाचन पुढं झालं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. 2020 चा रमजान सगळ्यांचाच घरात गेला, तरावीह घरात, ईदची नमाज घरात. दुपारी झोहरनंतर आम्ही लॅपटॉपसमोर बसायचो. मियाँ चित्र मोठं करायचे, काळं-पांढरं करून ठळक करायचे, बीवी वाचायची. ही अक्षरं छापील मुसहफासारखी सरळ ओळीत नसतात. उभे अलिफ-लाम भाल्यासारखे, बाकीची अक्षरं त्यांच्यात गुंफलेली, एक शब्द खाली तर पुढचा त्याच्या डोक्यावर. कुठं अल्लाहचं नाव लगेच सापडायचं, कुठं आयतीचा एखादा तुकडा ओळखीचा निघायचा आणि मग बाकीची ओळ पाठ असल्यामुळं सुटायची. काही जागी दगड झिजलाय. एक शब्द आम्हाला आजपर्यंत लागलेला नाही. बीवी म्हणते तिथं नून आहे, मियाँ म्हणतात झिजलेला बे आहे. मियाँना अरबी लिपी नीट येत नाही, तरी त्यांचा हट्ट कायम आहे.

एका दुपारी फोटोंमध्ये एक निराळा फोटो निघाला. बीवी भिंतीसमोर उभी, पाठमोरी, मान वर, उजवा हात थोडा उचललेला, बोट अक्षराच्या दिशेनं. तो काढल्याचं मियाँनी सांगितलं नव्हतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अब्बा असेच उभे राहिले होते." मग म्हणाली, "विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, असा नियम होता ना?" मियाँ म्हणाले, "तो अनोळखी बायांसाठी होता." फोटो कपाटात आहे.

आज बीवीच्या डाव्या डोळ्याची कड आणखी थोडी गेली आहे, उजवा टिकून आहे. दाब आटोक्यात आहे, अल्हमदुलिल्लाह. थेंब रात्री इशानंतर, एकही दिवस न चुकता. रोजात तपासणीची तारीख आली तरी पुढं ढकलत नाही. तिच्या दोन्ही भावांना आम्ही तपासायला लावलं. धाकट्याचा दाब वाढलेला निघाला, वेळेत कळला. हा आजार आई-बाप, भावंडं यांच्यात असेल तर आपल्याला होण्याची शक्यता जास्त असते. हा लेख वाचणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येकानं एकदा डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नव्हे.

कॅमेऱ्याबद्दल विचारायला आता मोहल्ल्यातली पोरं येतात. कुणी उमऱ्याला निघालेलं असतं, कुणी काश्मीरला. कुठला घेऊ, असं विचारतात. आम्ही विचारतो, परत आल्यावर काय बघायचं आहे? डोंगर बघायचे असतील तर मोबाईल बहुतेक पुरतो, ते पैसे प्रवासात घाल. दूरचे पक्षी बघायचे असतील तर मियाँनी परत केलेला चाळीस पटीचा कॅमेरा भर उन्हात उत्तम. संध्याकाळ, आतली दालनं, दिव्याच्या उजेडातली माणसं हवी असतील तर मोठ्या सेन्सरचा, मग झूम कमी मिळाला तरी चालेल. उमऱ्याला जाणाऱ्याला बीवी एवढंच सांगते, तिथं कॅमेरा खोलीवर ठेवून जा, बेटा. तिथं बघायला नाही, हजर राहायला जायचं असतं.

आणि एक विनंती आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या मस्जिदी, दर्गे, कबरस्तानं यांच्यावर अशीच अक्षरं आहेत. कुठं कमानीवर, कुठं मिहराबावर, कुठं दाराच्या वर दगडात बांधणाऱ्याचं नाव आणि साल. दरवर्षी रमजानच्या आधी रंगरंगोटी निघते, हिरवा ऑइलपेंट त्या अक्षरांवर फिरतो, नाहीतर टाइल्स बसतात, आणि चारशे वर्षांचं लिहिलेलं एका दुपारी बुजतं. कुणाचा वाईट हेतू नसतो. कुणाला ते वाचता येत नाही, म्हणून कुणाला ते दिसतही नाही. रंगवायच्या आधी, सकाळच्या तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद करून, त्याचा एक नीट फोटो काढून ठेवा. कॅमेरा नसेल तर जवळ जाऊन मोबाईलनं काढा. जवळ जाणं हा सगळ्यात चांगला झूम आहे. वाचता आलं नाही तरी हरकत नाही. वाचणारं कुणीतरी नंतर येईल.

आमच्याकडं तो एक शब्द अजून बाकी आहे. पुढच्या हिवाळ्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा जाऊन त्या एका शब्दाचा वेगळ्या वेळच्या उजेडात फोटो काढायचा आहे. डाळीची पिशवी नव्यानं शिवून झाली आहे. नून निघतो की बे, ते कळवू.